परतीचा आवाज

३ मे

राऊदाने ही वही आणून दिली. औषधाच्या कुठल्याशा कंपनीने फुकट वाटलेली आहे, पुठ्ठ्यावर पित्ताच्या गोळ्यांची जाहिरात. म्हणाली, "मला तर काही सांगत नाहीस. निदान हिला सांगत जा."

मी बरं म्हटलं. बायकोने दिलेली वस्तू वापरायची असा माझा नियम आहे. तिने विणलेला हिरवा स्वेटर मी गेल्या वर्षी मेपर्यंत घातला, आणि मे महिन्यात ट्युनिसमध्ये स्वेटर घालणाऱ्या माणसाला लोक बसमध्ये उठून जागा देतात.

वहीत फक्त कामाचं लिहायचं ठरवलं आहे. घरच्या गोष्टी नकोत.

४ मे

तर काम. मोकळ्या मैदानात कुणी टाळी वाजवली की आवाज जातो तो जातोच, त्याला अंत नाही. संगणकाला मात्र अंत आहे, आणि आमच्या विद्यापीठातल्या संगणकाला तर जरा लवकरच आहे. म्हणून आम्ही मैदानाचा एक तुकडा कापून घेतो आणि तेवढ्यापुरतं गणित करतो. गोम अशी की जिथे कापलं तिथे गणिताला भिंत दिसते. आवाज तिथवर जातो, आपटतो आणि परत फिरतो. खऱ्या मैदानात असं काही होत नसतं. तेव्हा परत आलेला आवाज म्हणजे खोटा आवाज. तो सगळ्या हिशेबाची माती करतो.

उपाय म्हणून त्या कडेला आतून एक थर द्यायचा. थरात शिरलेला आवाज मंदावत मंदावत विरतो, आणि शिरताना त्याला कळतही नाही की आपण थरात शिरलो. कळलं तर तो दचकून मागे फिरतो, सगळी मेख तिथेच आहे. वीस वर्षं मी हे थर करतो आहे. माझ्या थरातून परत येत नाही म्हणजे जवळजवळ काहीच येत नाही. सिहेम, जी पूर्वी माझी विद्यार्थिनी होती आणि आता सहकारी म्हणून माझ्या चुका काढते, ती त्याला 'सी नजीबची गादी', म्हणजे नजीबसाहेबांची गादी, म्हणते.

हे आज जेवताना राऊदालाही सांगितलं, वही तिनेच दिलेली असल्यामुळे. ती म्हणाली, "म्हणजे तूच की! तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." मी तिची चूक दुरुस्त केली. भिंत आवाज परत करते. तिला थर म्हणायचं होतं. त्यावर तिने मीठ माझ्याकडे सरकवलं, म्हणजे पटलं असावं.

९ मे

अपवाद म्हणून घरची एक गोष्ट. राऊदाची ओमानसाठी निवड झाली. निझवा नावाच्या गावी, मुलींच्या शाळेत, भूगोल शिकवायला. करार दोन वर्षांचा, पुढे वाढवता येतो. तिने अर्ज केला होता हे मला माहीत होतं. तिने सांगितलं होतं, बहुधा हिवाळ्यात, मी दात घासत असताना.

कागद टेबलावर ठेवून ती समोर बसली. "तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "विचार करावा लागेल."

"किती?"

"ते विचार केल्यावर कळेल."

ती उठली आणि सगळी भांडी घासली. आज भांड्यांची पाळी माझी होती, त्यावरून ती खुशीत असावी असं वाटतं.

१६ मे

बीर झैतूनचं काम आलं. तिथे समुद्रकाठी हाज लझहर नावाच्या गृहस्थांनी उघड्यावर लग्नाचं पटांगण थाटलं आहे. टेकडीच्या पलीकडच्या कुशीत एक गल्ली आहे. तिथल्या लोकांची तक्रार अशी की गेल्या उन्हाळ्यात ढोल ऐकून ऐकून त्यांच्या डोक्याचा भुगा झाला. आवाज गल्लीत पोचतो की नाही याचा हिशेब आम्ही द्यायचा. नाही पोचत म्हटलं तर नगरपालिका कायमचा परवाना देणार.

तक्रारीवर पहिली सही राऊदाच्या झकिया मावशीची आहे. मी हे नातं नगरपालिकेला कळवलं. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, इथे प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या मावशीचा जावई आहे. तुम्ही करा काम."

हाज लझहर स्वतः भेटायला आले, मकरूदचं ताट घेऊन. आत खजूर, वर मध, बोटं चिकट होतात. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझे कर्णे समुद्राकडे तोंड करून आहेत. मागे अख्खी टेकडी उभी आहे, देवाने घातलेली. आता माशांनी तक्रार केली तर मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे." मी मकरूद घेतलं नाही, कारण हिशेब नि:पक्षपाती हवा. सिहेमने चार घेतली. म्हणाली, अहवाल काही तिच्या नावावर नाही.

२२ मे

पहिला हिशेब चालवला. नकाशा सिहेमने केला होता: पटांगण, टेकडी, गल्ली, समोरची छोटी खाडी आणि खाडीपलीकडच्या टोकावरचं हॉटेल. हॉटेल बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याच्या खिडक्यांच्या चौकटीसुद्धा लोकांनी उचकटून नेल्या आहेत.

आवाज कर्ण्यांतून निघाला, खाडीवर पसरला, सगळं छान चाललं होतं. मग पडद्याच्या कडेकडून एक फिकट लाट उठली, खाडी ओलांडून परत आली आणि थेट गल्लीत शिरली.

एवढी वर्षं थर करतो आहे, परदेशातली माणसं माझे थर वापरतात, आणि नगरपालिकेच्या कामात माझा थर गळतो?

"थराचं नाहीये हे," सिहेम म्हणाली. "लाट हॉटेलवरून निघतेय, सी नजीब."

"हॉटेल कडेला चिकटून आहे. कडेला काही चिकटलं की थर बिघडतो, हे मी तुला शिकवलंय."

"पण हॉटेल आहे ना तिथे."

"बंद आहे. बंद हॉटेल आवाज करत नाही."

ती म्हणाली, "हे मात्र खरं," आणि पुदिन्याचा चहा आणायला गेली. मी कड आत ओढली. हॉटेल बाहेर गेलं.

२३ मे

लाट गेली. नकाशावर गल्ली निळी, म्हणजे शांत. थराचा दोष नव्हता, कड चुकीच्या जागी होती.

२ जून

झकिया मावशी जेवायला आली. येताना पिशवीभर मासे घेऊन आली आणि माझ्याकडे बघायच्या आधी तिने आमच्या कढईकडे बघून नाक मुरडलं. जेवायला बसल्यावर म्हणाली, "काय जावईबापू, माझ्या गल्लीचं काय ठरवलंत?"

मी म्हणालो, "मावशी, मी ठरवत नसतो, मोजत असतो. तुमच्याकडे आवाज पोचत नाही."

"अगंबाई! आणि मग गेल्या ऑगस्टात माझ्या स्वयंपाकघरात कोण नाचत होतं? नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याच्या काकाने काय आहेर केला, सगळं मला तोंडपाठ होतं. नवरीच्या आईलासुद्धा एवढं माहीत नसेल."

"कुठल्या बाजूने येतो?"

"समुद्राच्या खिडकीतून. कुठून येणार!"

"मग ते शक्यच नाही. पटांगण तुमच्या घरामागे, टेकडीपलीकडे. आलाच आवाज तर मागून येईल. समुद्र काही परत करत नाही."

मावशीने काटा ताटलीत ठेवला. "म्हणजे मी खोटं बोलते?"

"तुम्ही नाही. तुमचे कान."

राऊदा म्हणाली, "मी पण ऐकलंय. गेल्या उन्हाळ्यात हिच्याकडे राहिले होते तेव्हा. आल्या आल्या तुला सांगितलंही होतं."

मला काही आठवत नाही, तसं मी म्हणालो. राऊदाने मावशीच्या ताटलीत आणखी एक मासा वाढला. "जाऊ दे गं. पालथ्या घड्यावर पाणी." मी ताटलीकडे वळलो. वाद घालून सिद्ध होण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि मासा फार चांगला झाला होता.

१४ जून

अहवाल दिला. घरी आल्यावर राऊदाला म्हणालो, "आज सही केली." ती म्हणाली, "मी पण." तिची सही ओमानच्या करारावर. दोघांची कामं एकाच दिवशी मार्गी लागली, म्हणून मी आइसक्रीम खायला जाऊ म्हटलं. तिला नको होतं.

झोपायच्या आधी ती म्हणाली, "नवऱ्याला सोबत राहता येतं तिकडे. किंवा नवरा म्हणू शकतो की जाऊ नकोस. दोन्ही चालतं." मी उठून दिवा लावून करार पुन्हा वाचला. पहिली गोष्ट सातव्या कलमात आहे. दुसरी कुठेच नाही. तसं तिला सांगितलं, पण तोवर तिने कूस बदलली होती.

३० जून

राऊदाची बांधाबांध चालू आहे. दिवाणखान्यातला तिच्या आईचा फोटो बॅगेत गेला, भिंतीवर फिकट चौकोन उरला आहे. कुसकुसाचं मोठं भांडंही गेलं. मी म्हणालो, ओमानात लोक भात खातात. ती म्हणाली, "मला माहीत आहे. भूगोल मी शिकवते."

रविवार असल्यामुळे स्टुटगार्टहून अनीसचा फोन आला. आमचा मुलगा तिथे इंजिनियर आहे. तो आईशी बराच वेळ बोलला. मग तिने मला फोन दिला. त्याने विचारलं, "बाबा, बरे आहात ना?" मी हो म्हटलं. मी त्याला विचारलं, बरा आहेस ना, तो हो म्हणाला. बरेच उन्हाळे झाले, तो आलेला नाही. त्याला सुटी मिळत नाही.

माझा राऊदाच्या प्रश्नावरचा विचार चालू आहे. दोन्ही बाजू मांडल्या. अजून निष्कर्ष नाही.

५ जुलै

राऊदा मावशीकडे राहायला गेली. विमान ऑगस्टच्या शेवटी आहे, पण मावशीचा गुडघा दुखतो म्हणून तोवर तिकडेच राहणार. मावशीचा गुडघा हे मला निमित्त वाटतं, कशाचं ते सांगता येत नाही.

बॅगा मी खाली नेल्या. जिन्याच्या वळणावर ती थांबली. "काही म्हणायचंय?"

मी आठवून पाहिलं. "मोठ्या बॅगेचं एक चाक सैल आहे. ओढताना सांभाळ."

तिने मान हलवली आणि बॅग माझ्या हातातून स्वतःकडे घेतली.

९ जुलै

घर घुमायला लागलं आहे. सकाळी दिवाणखान्यात टाळी वाजवून पाहिली, झोपायच्या खोलीत पाहिली. फरक स्पष्ट आहे. कारण सरळ आहे: तिचे कपडे कपाटातून गेले, कपडे आवाज खातात. रिकामं कपाट काहीच खात नाही. शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना, टाळ्या कसल्या वाजतायत. मी त्यांना कपाटाचं सांगितलं. दुपारी त्या माझ्यासाठी लबलबीची वाटी घेऊन आल्या, चण्यांवर अंडंही फोडलेलं होतं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

१९ जुलै

पटांगणाला परवाना मिळाला, लग्नं सुरू झाली. मावशीने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य असं होतं: "तुझ्या नकाशात माझं घर निळं आहे म्हणे. ये इथे, आणि बैस निळ्यात!"

ओट्याखालचं कपाट आवरताना कुसकुसाची चाळणी सापडली. खालचं भांडं राऊदाने नेलं आणि वरची चाळणी, जिच्यात कुसकुसाचा रवा वाफवतात, ती विसरली. नुसत्या खालच्या भांड्याचा काही उपयोग नाही. एवढी व्यवस्थित बाई, पण बांधाबांधीत गडबड झाली असणार. पोचती करायला हवी.

२ ऑगस्ट

राऊदाचा फोन. पदवीची शिक्का मारलेली प्रत टेबलाच्या खणात राहिली आहे, ती हवी. कुणाबरोबर तरी पाठव म्हणाली. मी म्हणालो, मीच येतो. ती म्हणाली, "ये."

४ ऑगस्ट

दुपारी बीर झैतूनला गेलो. मावशीच्या घरी मी फार वर्षांनी गेलो, एरवी तीच येते. तिने दारातच ओरडून सांगितलं, "राऊदा, बघ गं, निळ्या गल्लीत कोण आलंय!" ती चालताना भिंत धरत होती. गुडघा खरोखरच सुजलेला आहे.

राऊदा स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्या सोलत होती. मी प्रत दिली आणि चाळणी पुढे केली. तिने हात पुसले, चाळणी हातात घेतली, पुन्हा माझ्या पिशवीत ठेवली. "ही घरीच राहू दे."

"अगं, नुसत्या भांड्याचं तू करणार काय?"

"बघू."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला: "अलो, अलो, एक, दोन." पाठोपाठ ढोल, आणि मग मेझूदची पिपाणी. संध्याकाळच्या लग्नासाठी हाज लझहरची माणसं कर्णे तपासत होती. आवाज समुद्राच्या खिडकीतून येत होता.

मी मागच्या खोलीत गेलो. टेकडीकडच्या भिंतीला कान लावला, काही नाही. परत आलो. खिडकीत ढोल. पुन्हा मागे गेलो, पुन्हा आलो. मावशी म्हणाली, "याला काय झालं?" राऊदा म्हणाली, "काही नाही, ऐकतोय तो."

खिडकीतून खाडी दिसते आणि खाडीपलीकडे ते हॉटेल, लांबच्या लांब, सगळ्या मजल्यांवर रिकामी भोकं, तोंड थेट गल्लीकडे. बंदच होतं. स्वतः काही आवाज करत नव्हतं, आलेला परत पाठवत होतं.

"आला?" राऊदाने विचारलं.

"आला."

"समुद्राकडून?"

"हॉटेलकडून."

"कुठून का येईना मेला," मावशी म्हणाली, "आला ना एकदाचा!" आणि तिने माझ्यापुढे मिरच्यांची ताटली सरकवली. राऊदा मिरच्या सोलत राहिली, माझ्याकडे तिने पाहिलं नाही. ती म्हणाली होती. मावशी म्हणाली होती. माझा स्वतःचा हिशेबसुद्धा म्हणाला होता.

५ ऑगस्ट

कड पुन्हा बाहेर नेली, हॉटेल आत घेतलं. लाट आली, तशीच, त्याच वाटेने. गल्ली लालभडक झाली. सिहेम मागे उभी होती. ती बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तिने नुसता चहा आणून ठेवला, आणि तेच जास्त झोंबलं.

वीस वर्षं माझा धंदा एकच: परत येईल ते खोटं समजायचं आणि विरवून टाकायचं. या धंद्यात इतका मुरलो की खरोखरचा आवाज परत आला तरी माझा हात आपोआप पुसायला गेला. आणि हे फक्त खाडीतल्या आवाजाबद्दल असतं तर मी नवा अहवाल लिहून मोकळा झालो असतो.

मला राऊदा जायला नको आहे. हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. बरोबर आहे. घर घुमतं त्याचं कारण कपाट नाही. मला ती घरात हवी आहे, तिची बोलणी हवी आहेत, भांडी मी रोज घाशीन. मे महिन्यात सुरू केलेल्या विचाराचा निष्कर्ष आज निघाला.

आता हे तिला सांगायचं. अडचण एवढीच की ती ही वही वाचत नाही.

१२ ऑगस्ट

अहवाल मागे घेतला. मोकळेपणी लिहितो: लाज वाटली. नगरपालिकेतल्या माणसाने विचारलं, "म्हणजे आवाज पोचतो? पण तुम्हीच तर म्हणाला होतात, शक्य नाही." मी म्हणालो, हो, मीच म्हणालो होतो. नवा हिशेब दिला. कर्णे टेकडीकडे वळवले तर आवाज टेकडीच अडवते, हॉटेलपर्यंत जातच नाही आणि गल्ली शांत राहते.

हाज लझहर आले, या वेळी ताटाशिवाय. "डॉक्टरसाहेब, हॉटेल माझं आहे का? हॉटेलवर खटला भरा! आणि नवरा-नवरीने काय टेकडीकडे तोंड करून बसायचं? समुद्र दाखवून मी लग्नं घेतो हो!" मी म्हणालो, कर्णे वळवा, नवरीला नका वळवू. ते म्हणाले, "हे आधी सुचलं असतं तर माझं मकरूद कारणी लागलं असतं."

रोज फोन करतो. सांगायचं ते जिभेवर येतं आणि मी हॉटेलबद्दल बोलू लागतो. काल ती म्हणाली, "नजीब, हॉटेल पुरे." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आता सांगावं का, हीसुद्धा शंकाच आहे. तिने सही केली, शाळा वाट बघते आहे, तिचं स्वतःचं मन तिकडे लागलं असेल. उत्तर लिहून झाल्यावर मी नवी अट घालायची, हे कुठल्या न्यायाने? मे महिन्यात विचारलं होतं तेव्हा तोंडाला कुलूप होतं. न बोलणंच बरं असं सध्या वाटतं.

२७ ऑगस्ट

सकाळी बीर झैतूनला पोचलो. बॅगा दारात तयार होत्या. सैल चाक राऊदाने तारेने बांधून घेतलं होतं.

टॅक्सी आली. मी बॅगा चढवल्या. राऊदाने मावशीला मिठी मारली, दोघी रडल्या. मग ती माझ्यासमोर आली. "येते" म्हणाली नाही, "जाते" म्हणाली नाही. माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. मी म्हणालो, "पोचलीस की कळव." तेवढंच निघालं. ती टॅक्सीत बसली.

मावशी पाण्याने भरलेली बादली घेऊन उंबऱ्यात उभी होती. माणूस गावाला निघाला की त्याच्यामागे पाणी ओततात, म्हणजे तो परत येतो. अनीस जर्मनीला गेला तेव्हा राऊदाने जिन्यात ओतलं होतं. कुणाचा पाय घसरेल म्हणून मी लगेच फडकं आणून पुसून घेतलं होतं. आज बादली बघितल्यावर ते आठवलं.

मावशीने एक पायरी उतरायला पाय टाकला आणि गुडघा धरून मागे झाली. "नाही जमायचं मला. घे, तू ओत."

मी बादली घेतली. टॅक्सी सुटली.

"अरे ओत की, मेल्या! विमानात बसल्यावर ओतणार आहेस?"

ओतलं. थोडं रस्त्यावर गेलं, बरंचसं माझ्या बुटांत. टॅक्सी उतार उतरून खाडीच्या काठाला लागली. राऊदाच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. मी चारचौघांत तिला नावाने हाक मारत नाही. घरातही 'अगं'वर भागतं. आज रस्त्याच्या मधोमध उभा राहून, हातात बादली, जेवढा आवाज काढता येतो तेवढा काढून ओरडलो, "राऊदा! परत ये!"

आवाज खाडीवरून गेला, हॉटेलला लागला आणि परत आला. राऊदा, परत ये. गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. त्या सगळ्यांपर्यंत तो पोचतो हे आता माझ्याच हिशेबाने सिद्ध झालेलं आहे.

टॅक्सी थांबली. राऊदाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दोनदोनदा काय ओरडतोस? आलं ऐकू!"

"मी एकदाच ओरडलो!" मी म्हणालो. "दुसऱ्यांदा हॉटेल!"

ती हसली की रडली, एवढ्या अंतरावरून सांगता येत नाही. हात बराच वेळ बाहेर होता. टॅक्सीवाल्याने कंटाळून भोंगा वाजवला, तोही आम्हाला दोनदा ऐकू आला. मग टॅक्सी वळणापलीकडे गेली.

मी तिथेच उभा होतो. मागून मावशी म्हणाली, "बादलीत अजून पाणी आहे."

तेही ओतलं.